सटवाईचा लेख, अंगातली चरबी आणि जोखीम

मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटला म्हणजे जे होते, त्याला मराठीत नावांचा तोटा नाही. ग्रांथिक मराठीत पक्षाघात आणि अर्धांगवायू; बोलण्यात लकवा, झटका; आणि आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) सर्रास ऐकू येणारे ‘अंगावरून वारं गेलं’. या नावांकडे मराठीचे अध्यापक म्हणून पाहताना एक गोष्ट प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरते. यांपैकी एकही नाव मेंदूचे नाही आणि एकही रक्ताचे नाही. आघात होतो तो ‘पक्षा’वर, म्हणजे शरीराच्या एका बाजूवर, वायू शिरतो तो अर्ध्या अंगात, वारे जाते तेही अंगावरून. विकार डोक्यात घडतो आणि दिसतो हातापायांत, म्हणून भाषेने त्याचे बिऱ्हाड हातापायांतच थाटून दिले.

हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न असता तर आम्ही तो भाषाविज्ञानाच्या तासाला ठेवला असता. पण नाव जिथे बोट दाखवते तिथेच माणूस उपाय करतो. हात लुळा पडला म्हणून हाताला तेल चोळले जाते. पारव्याचे रक्त चोळण्याचा उपाय सुचवणारी माणसे अजूनही भेटतात. दरम्यान घड्याळ थांबत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातावर गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री पटल्यावर. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात न उचलणे, जीभ अडखळणे ही तीन चिन्हे मेंदूची आहेत, हे ज्या भाषेत पटकन सांगता येत नाही, त्या भाषेत ते साडेचार तास मालिशीत जातात.

तरीही प्रस्तुत लेखाचा रोख या नावांवर नाही. नावे जुनी आहेत. ती ज्यांनी दिली त्यांच्याजवळ डोळ्यांना दिसणाऱ्यापलीकडचे साधन नव्हते. आमचे भांडण आहे ते कारण सांगणाऱ्या दोन नव्या वाक्यांशी. पक्षाघात का झाला, असे विचारा. एक उत्तर येते, ‘त्यांच्या रक्तातच आहे, वडिलांनाही असंच झालं होतं.’ दुसरे येते, ‘चरबी फार वाढली होती.’ दोन्ही उत्तरे शास्त्रीय वाटतात, कारण त्यांना आनुवंशिकतेचा आणि रक्तातील मेदाचा आधार आहे असा समज असतो. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही वाक्ये विज्ञानाचे कपडे घातलेली जुनीच वाक्ये आहेत. पहिले नशिबाचे आणि दुसरे दोषारोपाचे. विज्ञानाने सांगितलेली गोष्ट यांपैकी कोणतीच नाही. ती तिसरी आहे, तिचे नाव जोखीम. आणि तीच मराठीतून गळून पडते आहे.

प्रथम नशिबाकडे पाहू. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळी लेख लिहून जाते, ही समजूत मराठी घराला परकी नाही. जनुक हा शब्द आला तो थेट या सटवाईच्या पाटावर जाऊन बसला. ‘पक्षाघाताचे जनुक सापडले’ अशी बातमी वाचणाऱ्याच्या मनात एक अक्षर, एक लेख आणि एक निकाल उभा राहतो. ‘सापडले’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे: चोर सापडावा तसे जनुक सापडते आणि खटला संपतो.

प्रत्यक्षात काय सापडले? २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरच्या एक लाख दहा हजारांवर पक्षाघातग्रस्तांच्या आणि पंधरा लाखांच्या आसपास इतर लोकांच्या जनुकीय माहितीची तुलना प्रसिद्ध झाली. तीत पक्षाघाताशी संबंध असलेली ८९ स्थाने निघाली. ‘एक’ जनुक नव्हे, एकोणनव्वद स्थाने. आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यांतली काही रक्तदाबाशी निगडित, काही रक्तातील मेदाशी, काही रक्त गोठण्याच्या क्रियेशी. म्हणजे जनुक ‘पक्षाघात’ असा शब्द लिहीत नाही. ते एखाद्याचा रक्तदाब थोडा वरच्या पट्टीत लावते, एखाद्याच्या यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल उचलण्यात थोडे मंद करते. पुढचे काम मीठ, तंबाखू, वय, साखर आणि वर्षानुवर्षे न मोजलेला दाब करतात.

हे वाटे किती? ब्रिटनमधील तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत (२०१८) पक्षाघाताशी संबंधित ९० जनुकीय भेदांवरून लोकांचे गट पाडले गेले. वारशाने अधिक जोखमीचा गट आणि कमी जोखमीचा गट यांत पक्षाघाताचे प्रमाण ३५ टक्क्यांनी अधिक निघाले. वाईट राहणीचा गट (धूम्रपान, निकस आहार, स्थूलता, व्यायामाचा अभाव) आणि चांगल्या राहणीचा गट यांतला फरक मात्र ६६ टक्क्यांचा होता, आणि तो वारसा कसाही असला तरी दिसत होता. टक्केवारी मराठी वृत्तपत्रांत नेहमीच घाबरवण्यासाठी वापरली जाते, म्हणून तिचे साधे गणित मांडू. समजा, एका गटात ठरावीक काळात हजारांमागे २० जणांना पक्षाघात होतो. ३५ टक्के अधिक म्हणजे २७. ६६ टक्के अधिक म्हणजे ३३. ‘रक्तातच आहे’ असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्या हजारांतल्या ९७३ जणांना त्या काळात काही झालेले नाही. हा कपाळीचा लेख असेल, तर लिहिणारीची शाई फार फिकी म्हटली पाहिजे. अर्थात ती पाहणी युरोपीय वंशाच्या लोकांची होती. तिचे आकडे जसेच्या तसे राहुरीच्या किंवा कर्जतच्या माणसाला लावू नयेत. पण नियतीचा दावा खोटा ठरायला तेवढे पुरेसे आहे.

यावर कोणी म्हणेल, काही घराण्यांत तर खरेच एकच जनुक असते. असते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल ही अवस्था साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असते. यकृताच्या पेशींवरचा, रक्तातील एलडीएल उचलून घेणारा ग्राहक बिघडलेला असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो दोष असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच ग्राहकाच्या शोधमालिकेसाठी. या दोषाचा मुख्य मारा हृदयाच्या धमन्यांवर असतो. पण मेदविकारांत याहून अधिक ‘रक्तात लिहिलेले’ क्वचितच काही सापडेल, म्हणून हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो; कारण हाच लेख पुसट करणारी गोळी आज तालुक्याच्या औषध दुकानात मिळते. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका बुरशीतून या जातीचे पहिले द्रव्य वेगळे केले. १९८७ पासून स्टॅटिन वर्गाची औषधे बाजारात आली. ॲटोर्व्हास्टॅटिन आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की गुठळीने होणारा पक्षाघात साधारण एक पंचमांशाने कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसले आहे. म्हणजे जे आनुवंशिक ते अटळ, हे समीकरण जिथे सर्वांत पक्के दिसायला हवे होते, तिथेच ते मोडते.

आणि सटवाई मानणाऱ्या समाजालाही हे समीकरण कधी मान्य नव्हते, हे विसरू नये. तिने बरे लिहावे म्हणून तिची पूजा मांडली जाते. साडेसातीला अवधी असतो आणि तिच्यावर तोडही असते. शिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात आहे, तिथे तेल वाहायला जाणारा माणूस हातावर हात ठेवून बसलेला नसतो. तेव्हा ‘रक्तातच आहे, आता गोळी कशाला’ हे परंपरेचे शहाणपण नव्हे. ती परंपरेच्या नावावर खपवलेली आळशी समजूत आहे.

या समजुतीला आम्ही साहित्याच्या माणसांनी किती खतपाणी घातले, याचाही हिशेब व्हावा. ‘कविता त्यांच्या रक्तातच होती’, ‘लेखनाचा वारसा धमन्यांतून वाहत होता’ अशी वाक्ये आमच्या समीक्षेत, गौरवग्रंथांत, प्रस्तावनांत शेकड्यांनी सापडतील. एमिल झोलाने १८७१ ते १८९३ या काळात वीस कादंबऱ्यांची माला एका घराण्याच्या आनुवंशिकतेवर उभी केली, तेव्हा मेंडेलचे १८६६ चे नियम विस्मृतीत पडलेले होते. इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मध्ये (१८८१) बापाचे पाप मुलाच्या मेंदूत उतरते, आज आपण जाणतो की त्या नाटकातला उपदंश हा जनुकाचा वारसा नव्हे, तो संसर्ग आहे. हे लेखक त्यांच्या काळाच्या ज्ञानाने लिहीत होते. आपण मात्र निसर्गवादाचा तास घेताना ‘आनुवंशिकता म्हणजे नियती’ हे एकोणिसाव्या शतकातले टिपण एकविसाव्या शतकातल्या विद्यार्थ्याला जसेच्या तसे उतरवून देतो. तो विद्यार्थी घरी जातो तेव्हा त्याच्या वडिलांची रक्तदाबाची गोळी बंद असते. वर्गातल्या वाक्याचा आणि घरातल्या गोळीचा संबंध नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी भाषा शिकवणे सोडून द्यावे.

आता दुसरा शब्द, चरबी. ‘मेद’ हा शब्द पुस्तकात राहिला आणि लोकांच्या तोंडी चरबीच आली. पण चरबी हा मराठीत निर्दोष शब्द नाही. ‘चरबी चढली’, ‘चरबी उतरवतो’ ही वाक्ये शरीरशास्त्राची नाहीत; ती माज करणाऱ्याला उद्देशून म्हटली जातात. त्यामुळे रक्तातील चरबी म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम होतात. ज्याची वाढली तो अपराधी ठरतो: खाल्लं असेल, बसून राहिला असेल. आणि जो कृश आहे, कष्टकरी आहे, तो स्वतःला निर्दोष ठरवून तपासणीतून मोकळा होतो. ‘आमच्या अंगावर मांस नाही, चरबी कुठली?’

याचे उत्तर शेजारच्याच पुणे जिल्ह्यात दिले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास चालवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत उणीव होती ती स्नायूंची आणि अवयवांची, चरबी जवळजवळ तेवढीच. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटक दिसणे आणि आतून काटक असणे या दोन गोष्टी आपल्याकडे एक नाहीत, हे एका छायाचित्राने जितके सांगितले तितके आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांनी सांगितलेले नाही.

शिवाय शरीरावरची चरबी आणि रक्तातली मेदद्रव्ये यांचेही गणित सरळ नाही. पाण्यात तेल मिसळत नाही, तसे रक्तातही मेद एकटा फिरू शकत नाही. तो प्रथिनांच्या वेष्टनात, लिपोप्रोटीनच्या रूपाने वाहून नेला जातो. त्यांतल्या ‘लिपोप्रोटीन (ए)’ या प्रकाराचा शोध नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये लावला. त्याची पातळी बव्हंशी एकाच जनुकावर ठरते. जगातील साधारण पाचांतल्या एका माणसात ती वाढलेली असते. ती वाढलेली असेल तर हृदयविकाराची आणि गुठळीच्या पक्षाघाताची जोखीम वाढते. आणि खाण्यापिण्याने ती फारशी हलत नाही. इथे ‘चरबी चढली’ म्हणणाऱ्याने कोणाला दोष द्यायचा? त्या माणसाने काही खाल्लेले नाही आणि काही चुकवलेलेही नाही. पण म्हणून त्याच्या हाती काही उरले नाही, असेही नाही. एक पत्ता वाईट आलेला आहे हे कळल्यावर उरलेले पत्ते तो अधिक जपून खेळू शकतो: दाब, एलडीएल, साखर, तंबाखू. आयुष्यात एकदा ही पातळी मोजून घ्यावी, असे अनेक तज्ज्ञमंडळे सुचवतात ते एवढ्याचसाठी.

हे उरलेले पत्ते क्षुल्लक नाहीत. बत्तीस देशांतील पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की पक्षाघाताच्या एकूण जोखमीपैकी सुमारे नव्वद टक्के वाटा बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडता येतो, आणि त्यांत सर्वांत मोठा घटक उच्च रक्तदाब. रक्तातील मेदांचे प्रमाण त्या दहांतले एक आहे. म्हणजे ‘चरबी’वर सगळा ठपका ठेवणाऱ्याचे शास्त्रही अपुरेच. दाब वाढला तर बहुधा काहीच जाणवत नाही, त्याला चरबीसारखे शिवीवजा नावही नाही. म्हणून तो गप्पांत येत नाही आणि न बोलता मेंदूतली वाहिनी फोडतो किंवा बुजवतो.

हा शहरातल्या, सुखवस्तू माणसांचा रोग आहे, असे अजूनही मानणाऱ्यांनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे नोंदवली. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले. दुसऱ्या कोणत्याही कारणाने एवढी माणसे गेली नव्हती. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसे घरीच वारली. जंगलपट्ट्यातल्या खेड्यांत हे असेल, तर पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराला यातून सूट मिळेल असे मानायला काय आधार आहे? तो हंगामाचे चार-सहा महिने आपल्या गावाच्या आरोग्य केंद्रापासून दूर फडावर असतो, आणि दाबाची गोळी तर रोजच घ्यायची असते. त्याला ‘रक्तातच आहे’ सांगणे म्हणजे फडावर गोळी पोहोचवण्याची जबाबदारी झटकणे. ‘चरबी’ सांगणे म्हणजे त्याची चेष्टा.

आता जोखीम. हा शब्द आमच्या मते मराठीचे भाग्य आहे. व्युत्पत्तीचा वाद पंडितांवर सोपवू. पण मराठी कानाला जोखीम म्हणताच जोखणे आठवते, तराजू आठवतो. ‘जोखमीचं काम’, ‘जोखीम अंगावर घेणे’, ‘जोखमीचा माल’ हे व्यापाऱ्याला, गाडीवानाला, शेतकऱ्याला ठाऊक असलेले प्रयोग आहेत. जोखीम आहे म्हणजे नुकसान होईलच असे नाही आणि होणार नाही असेही नाही. ती ओळखायची, तोलायची आणि बंदोबस्त करायचा. मृगाचा पाऊस हुकू शकतो हे जाणून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला संभाव्यता शिकवावी लागत नाही. तिच्यासाठी त्याच्याकडे शब्द आहे. त्याला अडवतो तो आपला अनुवाद. सरकारी पत्रकात ‘मस्तिष्काघाताचे अपरिवर्तनीय जनुकीय जोखीम घटक’ असे छापून येते, तेव्हा त्यातल्या ‘अपरिवर्तनीय’ या एका विशेषणाने सटवाई पुन्हा दारात येऊन उभी राहते. मूळ म्हणणे एवढेच असते की जनुक बदलता येत नाही. वाचणाऱ्याला कळते ते असे की आता काहीच बदलता येत नाही.

‘खेड्यातल्या माणसाला हे कळायचे नाही’ हा आक्षेप आम्ही या जिल्ह्यात तरी ऐकून घेणार नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, त्याचा कणा होत्या गावोगावच्या स्त्रिया. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या. आरोग्याचे ज्ञान त्यांनी ऐकून, बोलून, पाठ करून घेतले आणि आपल्या गावाला दिले; १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. ज्ञान अवघड नव्हते. ते बोलणारे कोणी हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: हे डॉक्टरांचे काम, मराठीच्या प्राध्यापकांनी यात का पडावे? उत्तर नेवाशात आहे. ज्या काळी ज्ञान संस्कृतात राहावे अशी पंडितांची इच्छा होती, त्या काळी, शके १२१२ मध्ये, याच जिल्ह्यात गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला. त्याचा अभिमान आम्ही दर मराठी भाषा दिनी व्यासपीठावरून मिरवतो. त्याच नेवाशातल्या माणसाच्या हाती आज ‘लिपिड प्रोफाइल’चा कागद पडतो, तो पूर्ण इंग्रजीत, ठळक अक्षरांतल्या दोन-तीन आकड्यांसह. त्या आकड्यांचा अर्थ सांगायला जो पहिला माणूस भेटतो, तो सांगतो, ‘चरबी आहे’ किंवा ‘तुमच्या घराण्यातच आहे’. ज्ञानाच्या भाषेचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी सुटला, असे समजणाऱ्यांनी हा कागद एकदा हातात घ्यावा.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. पदवीच्या वर्गांना ‘व्यावहारिक मराठी’ किंवा ‘उपयोजित मराठी’ या नावाने जे शिकवले जाते, त्यात जाहिरात, निमंत्रणपत्रिका आणि सूत्रसंचालन यांना जागा आहे. त्यात तपासणीचा एक अहवाल मराठीत आणून दाखवण्याचा स्वाध्याय असावा. एलडीएल, ट्रायग्लिसराइड, लिपोप्रोटीन हे शब्द तसेच ठेवावेत. त्यांना संस्कृत मुखवटे चढवू नयेत. पण त्यांच्याभोवतीची वाक्ये मराठी असावीत: हे कशाचे माप आहे, किती असावे, वाढले तर कशाची जोखीम, वारशाने किती येते आणि आपल्या हाती किती राहते. मजकूर जवळच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावा आणि महाविद्यालयाच्या गावातल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा. ‘घरात कोणाला झाला होता का?’ या प्रश्नापुढे ‘असेल तर तुमचा दाब आणि रक्तातील मेद इतरांहून आधी मोजून घ्या’ एवढे वाक्य जरी त्या भिंतीवर मराठीत नीट लिहिले गेले, तरी आनुवंशिकता या शब्दाचा अर्थ गावात बदलू लागेल. भिंती भरपूर आहेत, विद्यार्थी आहेत आणि भाषा तर आमच्याच ताब्यात आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होतात. सुरुवात तिथून करता येईल.